भीमगडचे रान : पाहुणे आणि यजमान

खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात आपण सहलीस जातो, किल्ला आणि म्हादईचे खोरे पाहून परततो. या रानाचा कारभार आजवर कसा चालला, हा प्रश्न विद्यार्थिदशेत माझ्याही मनात कधी आला नाही.

१८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले की ओढे आटतात, ही त्यांची चिंता रास्तच होती. परंतु त्याच ओघात डोंगरउतारावरील कुमरी शेतीवर बंधने आली. पुढे १८७८ च्या कायद्यान्वये राखीव जंगलात ज्यांची नोंद झाली नाही, ते वहिवाटीचे हक्क लोपले. या ऐतिहासिक अन्यायाची कबुली २००६ च्या वनहक्क कायद्याने दिली.

२०११ साली भीमगड अभयारण्य झाले. बारापेडे गुहेतील दुर्मीळ वटवाघळांना अभय लाभले, याचे मला समाधान वाटते. मात्र रानातील गावांचे रस्ता, वीज व स्थलांतर यांचे प्रश्न अधिकच बिकट झाले.

रानात आपण पाहुणे आहोत आणि तेथील गावकरी यजमान. यजमानांची विचारपूस केल्यावाचून पाहुण्याने परतू नये आणि त्यांना विचारल्यावाचून सरकारनेही कारभार करू नये, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.