फुलीचा टाका : एका भेटवस्तूची कुळकथा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात तागाच्या कापडाचा एक तुकडा आहे. साधारण ४३ सेंटिमीटर लांब, ३६ सेंटिमीटर रुंद. त्यावर रेशमाने आणि धातूच्या तारेने एक कुत्रा, एक हरीण आणि साखळीने बांधलेले अस्वल भरले आहे. मोती आहेत, मणी आहेत, रोमन अक्षरांच्या ओळी आहेत आणि खाली तऱ्हेतऱ्हेच्या नक्षीचे पट्टे. भरणारीने स्वतःचे नाव टाकले आहे, जेन बॉस्टॉक. सालही टाकले आहे, १५९८. साल घातलेला ब्रिटनमधला ज्ञात असा सर्वांत जुना नमुनापट (सॅम्पलर) तो हाच.

या कापडावर आणखी एक नाव आहे. ॲलिस ली ही मुलगी २३ नोव्हेंबर १५९६ रोजी, मंगळवारी दुपारनंतर जन्मली, अशी नोंद जेनने टाक्यांत करून ठेवली. ॲलिस तिच्या नात्यातली. कोणी केले, कोणासाठी केले, केव्हा केले, हे तिन्ही एकाच कापडावर सुईने लिहिलेले. आज कुणी मैत्रिणीच्या बाळासाठी क्रॉस स्टिचमध्ये नाव आणि जन्मतारीख भरते, तेव्हा ती हीच रीत पुढे नेत असते.

टाका अगदी सोपा. एक तिरका टाका घ्यायचा आणि त्यावर उलट्या दिशेने दुसरा. फुली तयार. त्यासाठी कापडावर चित्र छापावे लागत नाही. सुती किंवा तागाच्या साध्या विणीत उभे-आडवे धागे असतातच. ते मोजत जायचे. चौकटी विणकराने आधीच आखून दिलेल्या असतात. म्हणूनच हा टाका कुणा एका देशाचा नाही. पॅलेस्टाइनच्या बायकांच्या अंगरख्यांवर तो आहे, युक्रेनमध्ये लग्नात वापरल्या जाणाऱ्या रुश्निक नावाच्या लांब पट्ट्यांवर आहे, आणि आपल्या शेजारी धारवाडच्या कसुती भरतकामातही आहे. पॅलेस्टिनी भरतकामाला २०२१ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

युरोपात या टाक्याकडे एक रोजचे, घरगुती काम होते. मोठ्या घरांत चादरी, टेबलावरची कापडे, रुमाल ढिगाने असत आणि धुलाईला एकत्र जात. कोणते कुणाचे हे कळावे म्हणून कोपऱ्यात नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक फुल्यांनी घालत. मुलींना सुईने मुळाक्षरे शिकवत ती बरीचशी याच कामासाठी. नमुनापट ही त्यांची पाटी आणि वहीही. टाके विसरू नयेत म्हणून जपून ठेवायची. जुन्या इंग्रजी नमुनापटांवरच्या मुळाक्षरांत ‘जे’ आणि ‘यू’ पुष्कळदा सापडत नाहीत, कारण त्या काळी ‘आय’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे त्यांचेही काम करत.

चादरीवर खूण घालायला शिकवलेली ही अक्षरे किती लांब जाऊ शकतात, हे एलिझाबेथ पार्करने दाखवले. ससेक्स परगण्यात घरकाम करणाऱ्या या मुलीने १८३० च्या सुमारास तागाच्या कापडावर लाल रेशमाने, बारीक फुल्यांत, आपली सगळी कहाणी भरली. मालकाने केलेली क्रूर वागणूक, जीव देण्याचा मनात आलेला विचार, देवापाशी मागितलेली क्षमा, सगळे त्यात आहे. आपल्याला लिहिता येत नाही, असे ती त्याच मजकुरात सांगते. शेवटचे वाक्य अर्धेच आहे आणि खाली कापड कोरे आहे. हेही कापड व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येच आहे.

भेट म्हणून पाठवलेल्या फुल्यांनी तर एकदा राजकारणही हलवले. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ मध्ये इंग्लंडात आश्रयाला आली आणि एलिझाबेथ राणीच्या कैदेत पडली. पुढे तिला अर्ल ऑफ श्रूसबरीच्या देखरेखीखाली ठेवले. अर्लची बायको बेस ऑफ हार्डविक भरतकामात तरबेज होती. दोघी मिळून कॅनव्हासवर रेशमाने पशू, पक्षी आणि मासे भरत. त्यांतली कितीतरी चित्रे कॉनराड गेसनरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथातून उचललेली. ड्यूक ऑफ नॉरफोकशी मेरीच्या लग्नाची बोलणी गुपचूप चालली होती. त्याला तिने एक उशी पाठवली. तिच्यावर आभाळातून आलेला हात कोयत्याने द्राक्षवेलीची वांझ फांदी छाटतो आहे, आणि घावाने सद्गुणाला पालवी फुटते अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे. वांझ फांदी कोण आणि फळणारी कोण, हे समजायला कुणाला उशीर लागला नाही. १५७२ मध्ये नॉरफोकवर राजद्रोहाचा खटला चालला, त्यात ही उशीही पुढे आली. त्याच वर्षी त्याचा शिरच्छेद झाला. मेरी आणि बेसच्या हातचे हे काम ऑक्सबर्ग हॉलमध्ये पाहायला मिळते.

इथपर्यंत नक्षी एका हातातून दुसऱ्या हातात जात होती. जर्मनीत १५२० च्या दशकापासून आउग्सबुर्गच्या योहान शोन्सपेर्गरसारख्या मुद्रकांनी नमुन्यांची पुस्तके काढली, तरी रंग कुठे कोणता घालायचा हे भरणारीनेच ठरवायचे. खरा पालट झाला तो बर्लिनमध्ये. १८०४ च्या सुमारास फिलिपसन नावाच्या प्रकाशकाने चौकटीच्या कागदावर छापलेले, एकेक घर हाताने रंगवलेले तक्ते विक्रीला आणले. १८१० च्या सुमारास विटिख नावाच्या बाईंनी या धंद्याला मोठे रूप दिले. कागदावरचे एक घर म्हणजे कापडावरचा एक टाका, इतका सरळ हिशेब. चित्रकला येत नसली तरी आता गुलाबांचा गुच्छ जमू लागला. १८४० मध्ये लंडनला ‘द आर्ट ऑफ नीडलवर्क’ हे पुस्तक निघाले. तोवर असे चौदा हजार नमुने निघाल्याचे त्यात नोंदले आहे.

या तक्त्यांसोबत बर्लिनची मऊ, रंगवलेली लोकर इंग्लंडात पोचली आणि भेटवस्तूंचा एक काळच सुरू झाला. वडिलांना सपाता, भावाला पाटलोणीचे पट्टे, ठरलेल्या नवऱ्याला टोपी, आत्याला उशी. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डांबरापासून जांभळा रंग काढला. त्यामागोमाग आलेल्या कृत्रिम रंगांनी या लोकरीला झगझगीत केले. या कामाला बेचव ठरवणारे टीकाकारही मग पुढे आले, आणि १८७० नंतर या लोकरकामाचा बहर ओसरत गेला. टीका रंगांपुरती खरी असेल. तरी त्या तक्त्यांनी जे केले ते मला मोठे वाटते. हातात कला नसलेल्या माणसालाही आपल्या हाताने काही करून देता येईल, अशी सोय त्यांनी केली.

तक्त्यानंतर प्रश्न उरला दोऱ्याचा. आल्सेसमधल्या म्यूलूझ गावी १७४६ साली सुरू झालेल्या डीएमसी या कारखान्याने तो सोडवला. तेरेझ द दीलमाँ यांनी या कारखान्याच्या साहाय्याने १८८६ मध्ये भरतकामाचा कोशच काढला. त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली आणि टाके समजावण्याची एक पद्धत जगभर रुळली. सहा पदरी, चमकदार सुती दोरा, आठ मीटरची लडी आणि प्रत्येक रंगाला कायमचा क्रमांक, ही व्यवस्था आजही तीच आहे. डीएमसीचा ३१० म्हणजे काळा. आपल्याकडच्या दुकानांत अँकरच्या लड्या जास्त मिळतात. त्यांत काळ्याचा क्रमांक ४०३. नक्षी अर्धी झाली आणि दोरा संपला तरी तोच रंग पुन्हा मिळतो, हे या क्रमांकांमुळे.

दोरा, तक्ता, दुकान यांतले काहीच हाताशी नसताना या टाक्याने काय केले, तेही सांगायला हवे. ब्रिटिश फौजेतले मेजर ॲलेक्सिस कॅसडॅग्ली १९४१ मध्ये क्रीट बेटावर जर्मनांच्या हाती लागले. छावणीत एका सोबत्याने दिलेल्या कॅनव्हासवर, एका वृद्ध ग्रीक सेनानीच्या विरलेल्या स्वेटरचा दोरा उसवून, त्यांनी डिसेंबर १९४१ मध्ये एक नमुनापट भरला. त्याच्या काठावर ठिपके आणि रेघा आहेत. मोर्सच्या लिपीत वाचले तर त्यांत आपल्या राजासाठी प्रार्थना आहे आणि हिटलरला शिवी आहे. पहाऱ्यावरच्या जर्मनांना ते कळले नाही. उलट त्यांनी तो चार छावण्यांत मांडून दाखवला. याच कॅसडॅग्लींनी आपल्या लहान मुलाला टाक्यांत पत्रही लिहिले. आपण भेटलो त्याला किती दिवस झाले ते मोजून सांगितले, आणि आईला सांभाळ म्हटले.

आपल्याकडे हा टाका युरोपचा तक्ता येण्याची वाट पाहत बसला नव्हता. कसुतीत चार टाके असतात: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यांतला मेंथी म्हणजे फुलीचा टाका. कापडावर काही रेखायचे नाही, गाठ मारायची नाही, धागे मोजत गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती आणि मोर उभे करायचे. धारवाडकडे नवरीच्या लग्नाच्या कपड्यांत कसुती केलेली काळी चंद्रकळा असावी, अशी रीत होती. कसुतीचे इरकल महाराष्ट्रातल्या कपाटांतही पिढ्यान्‌पिढ्या आहे.

तक्त्यावरचे क्रॉस स्टिच मात्र शाळेच्या वाटेने आले. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मिशनच्या अशा शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवणकाम असे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, तिथेही शिवण आणि भरतकाम शिकवले जाई. शाळेतून आणि शिवणवर्गातून हा टाका घरोघर गेला. मॅटीच्या कापडावर भरलेले टेबलक्लॉथ, रेडिओवरचे झाकण, उशीचे अभ्रे आणि काचेच्या चौकटीतले ‘सुस्वागतम्’ आपल्या आजीच्या घरात होते. लग्नात ते रुखवतात मांडले जाई आणि येणारी प्रत्येक बाई ते उलटून मागची बाजू पाही. कारण मागची बाजू खोटे बोलत नाही.

ती मागची बाजू कशाने नीट राहते? दोऱ्याला गाठ मारायची नाही. सहा पदरांतला एकच पदर घ्या, मधोमध दुमडा आणि दोन्ही टोके सुईत ओवा. पहिला टाका मागे पुरता ओढू नका. मागे उरलेल्या फासातून सुई काढली की दोरा आपोआप अडकतो. संपताना शेपूट चार-पाच टाक्यांखालून सरकवून कापा. दोरा हातभरच घ्या. लांब दोरा कापडात घासून पिंजारतो. आणि सर्व फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला हवा, नाहीतर उजेड वेगवेगळा पडून काम डागाळल्यासारखे दिसते. सुरुवात मध्यापासून करा: कापडाची चौघडी घाला, घड्या जिथे मिळतात तो मध्य. इंचाला १४ घरांच्या आयडा कापडावर ९८ बाय ७० घरांची नक्षी ७ बाय ५ इंच होते. त्यात ६,८६० घरे असतात. देणाऱ्याचा वेळ कुठे गेला, ते या आकड्यात आहे.

एक गोष्ट मात्र विकतच्या तक्त्यात मिळत नाही, ती म्हणजे आपल्या लिपीतले नाव. शाळकरी आलेखाचा कागद घ्या आणि ते स्वतः आखा. देवनागरी या टाक्याला सोयीची आहे. शिरोरेषा म्हणजे फुल्यांची एक सरळ ओळ. ती आधी भरली की सगळे नाव तिला टांगता येते. काना उभा उतरतो. अनुस्वाराला एक फुली पुरते. वेलांटी, मात्रा आणि रफारासाठी शिरोरेषेच्या वर तीन ओळी मोकळ्या ठेवा, उकारासाठी अक्षराखाली दोन. ‘श’ आणि ‘क्ष’ यांची गोलाई फुलीत नीट येत नाही. तिथे बॅक स्टिचची बारीक रेघ काढा. जोडाक्षराला दोन-तीन घरे जास्त द्या, म्हणजे ते गर्दीत घुसमटत नाही.

भेट देण्याआधी खालच्या कोपऱ्यात आपले नाव आणि साल नक्की टाका. आपल्याकडच्या बायकांनी इतके भरले, पण लाजेने किंवा सवयीने नाव घातले नाही. त्यामुळे घरोघरच्या पेट्यांतली सुंदर कामे आज कुणाची आहेत हे सांगता येत नाही. तुमच्या घरात असे एखादे कापड असेल आणि ते कुणाच्या हातचे हे ठाऊक असलेले माणूस अजून बोलते-चालते असेल, तर आजच जाऊन विचारा, आणि ते नाव मागच्या बाजूला दोन ओळींत भरून ठेवा.