महामार्गावरील आकस्मिक घटना आणि वाहतूक क्षमता

महामार्गाच्या एखाद्या ठिकाणाहून एका दिशेने तासाभरात जास्तीत जास्त किती वाहने जाऊ शकतात, या मानास त्या महामार्गाची वाहतूक क्षमता असे म्हणतात. अपघात, बंद पडलेले वाहन, रस्त्यावर सांडलेला माल, कोसळलेली दरड अशा आकस्मिक घटनांमुळे ही क्षमता तात्पुरती घटते.

== क्षमतेतील घट ==
तीनपैकी एक मार्गिका बंद झाल्यास क्षमता एक तृतीयांशाने घटेल, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. अमेरिकेतील 'हायवे कपॅसिटी मॅन्युअल' या प्रमाणग्रंथानुसार अशा वेळी मूळ क्षमतेच्या सुमारे ४९ टक्केच क्षमता उरते, तर दोन मार्गिका बंद झाल्यास अवघी १७ टक्के. एका दिशेला दोनच मार्गिका असतील आणि त्यांतील एक अडली, तर ३५ टक्के उरते. अपघातग्रस्त वाहने कडेच्या पट्टीवर असून तिन्ही मार्गिका मोकळ्या असल्या, तरीही क्षमता ८३ टक्क्यांपर्यंत खाली येते. मार्गिका बदलण्यासाठी होणारी घुसाघुस हे याचे एक कारण. दुसरे, बघ्यांची वृत्ती. अपघात पाहण्यासाठी चालक वेग कमी करतात, त्यामुळे काहीही अडथळा नसलेल्या विरुद्ध दिशेची वाहतूकही मंदावते.

== रांग आणि विलंब ==
ताशी ६,००० वाहनांची क्षमता असलेल्या तीन मार्गिकांवर ताशी ५,००० वाहने येत आहेत, असे मानू. एक मार्गिका अडल्यास ताशी सुमारे २,९४० वाहनेच पुढे जातील व अर्ध्या तासात सुमारे १,०३० वाहनांची रांग लागेल. अडथळा दूर झाल्यावर ताशी केवळ १,००० वाहनांची जादा क्षमता उपलब्ध असल्याने ही रांग ओसरण्यास आणखी तासाहून अधिक वेळ लागतो. येणारी वाहतूक तेवढीच राहिल्यास, अडथळ्याचा कालावधी दुप्पट होताच सर्व वाहनांचा एकत्रित विलंब चौपट होतो. म्हणूनच क्रेन किती लवकर पोहोचते याला इतके महत्त्व आहे.

== बोरघाट ==
मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला एका दिशेला तीन मार्गिका आहेत. घाटाच्या चढावर अवजड वाहने मंद चालतात, त्यामुळे तेथील क्षमता मुळातच कमी असते. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळल्याने मार्गिका बंद ठेवाव्या लागल्या होत्या.