अठरा दाते, बावीस दाते

चिमूरकडे जुन्या काळ्या दांडीच्या सायकलीला लोक ‘बिनगिअरची’ म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. गिअर तिलाही असतो. फक्त तो हँडलवर नसून मिस्त्रीच्या डब्यात असतो.

आमच्या घरच्या सायकलीचं पुढचं चक्र 44 दात्यांचं, मागचं फ्रीव्हील 18 चं, चाक 28 इंची. पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर जाते. डांबरी रस्त्यावरून शाळेत, बाजारात जायला उत्तम. पण कॅरिअरवर सरपणाची मोळी किंवा मोहफुलांचं पोतं बांधून जंगलातल्या रेताड वाटेला लागलं, की हेच गणित गुडघ्यावर येतं. तेव्हा मिस्त्री 22 दात्यांचं फ्रीव्हील चढवतो. आता एका फेऱ्यात जेमतेम साडेचार मीटर, पण जोर सुमारे 18 टक्क्यांनी कमी. साखळीत एक जोड वाढवायची किंवा चाक खाचेत जरा पुढे घ्यायचं, झालं काम.

हे जमतं आट्यांमुळे. सोनीपतची अ‍ॅटलस (1951) असो की लुधियानाची हीरो (1956), या सायकलींचा सांगाडा इंग्रजी रोडस्टरचा आणि फ्रीव्हीलचे आटेही इंग्रजी मापाचे: इंचाला 24. त्यामुळे कुणाचंही फ्रीव्हील कुणालाही बसतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एवढ्या एकमतासाठी महिनोन्‌महिने मीटिंगा चालतात.

इंग्लंडमध्ये यावर दुसरा उपाय होता. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरांचा हब. त्यांच्या गाजलेल्या एडब्ल्यू हबात खालचा गिअर वेग थेट तीन-चतुर्थांशावर आणतो. 18 च्या जागी 24 दाते बसवले तर नेमकं तेच गुणोत्तर मिळतं! फरक एवढाच, की हबवाला खटका दाबून परत वर येतो. टूर द फ्रान्समध्येही 1937 पर्यंत स्पर्धकांना डिरेलर वापरायची मुभा नव्हती. घाट आला की ते खाली उतरून मागचं चाक उलटं बसवत, दुसऱ्या बाजूला वेगळ्या दात्यांचं चक्र असे.

आपल्याकडे निवड एकदाच होते, ती वर्षानुवर्षांसाठी. आणि ओझं तर एकाच दिशेने असतं. मिनिटाला 60 फेरे धरले तर 18 दात्यांवर ताशी साडेएकोणीस किलोमीटर, 22 वर 16. “रिकाम्या सायकलीले पाय लय फिरवा लागते भाऊ,” मिस्त्री आधीच बजावतो. तरी ज्याचं पोट ओझ्यावर आहे तो 22 च घेतो. सायकल कुणाची, कशासाठी होती, हे कुठल्याही कागदावर नसतं. दाते मोजले की थोडंफार कळतं.

फ्रीव्हील पायडल मारण्याच्या दिशेनेच आवळत जातं. जितकं ओझं जास्त, तितकं ते घट्ट. म्हणून मोळीवाल्याचं फ्रीव्हील काढताना मिस्त्री ते पान्ह्यासकट शिकंज्यात पकडतो आणि अख्खं चाक दोन्ही हातांनी उलटं फिरवतो.