बाह्यत्वचेचे खोल स्तर
बाह्यत्वचेचे खोल स्तर म्हणजे त्वचेच्या वरच्या आवरणातील सर्वांत खालचा तलस्तर व त्यालगतचा कंटकी स्तर. इटालियन शरीरशास्त्रज्ञ मार्चेल्लो मालपिगी (१६२८–१६९४) यांच्यावरून या दोहोंना मिळून मालपिगी स्तर म्हणतात. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण खालच्या अंतस्त्वचेतील केशवाहिन्यांतून होते.

तलस्तर
हा घनाकार वा स्तंभाकार पेशींचा एकपदरी स्तर आहे. अर्धडेस्मोसोम नावाचे जोड त्याच्या पेशींना खालच्या तलपटलाशी जखडून ठेवतात. येथील पेशींच्या विभाजनातून निर्माण झालेल्या नव्या पेशी वर सरकतात, त्यांत केराटिन साठते आणि साधारणतः चार ते सहा आठवड्यांत त्या पृष्ठभागावरून गळून पडतात. याच स्तरातील मेलॅनोसाइट पेशी मेलॅनिनचे कण शेजारच्या पेशींना पुरवतात. गोऱ्या व सावळ्या त्वचेत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक कणांचा आकार, प्रमाण व वितरण यांत असतो. मर्केल पेशी स्पर्शज्ञानाशी संबंधित आहेत.

कंटकी स्तर
यात बहुकोनी पेशींचे अनेक थर असतात. सूक्ष्मदर्शनासाठी नमुना तयार करताना पेशी आकसतात. मात्र त्यांना जोडणारे डेस्मोसोम टिकून राहिल्याने त्या काटेरी दिसतात. प्रतिकारकार्य करणाऱ्या लँगरहान्स पेशी येथे आढळतात. पाउल लँगरहान्स यांनी १८६८ मध्ये त्यांचे वर्णन केले.

विकार
मेलॅनोसाइट नष्ट झाल्याने कोड उद्भवते. ते संसर्गजन्य नाही व कुष्ठरोगाहून वेगळे आहे. पेम्फिगस व्हल्गॅरिस या विकारात प्रतिपिंडे डेस्मोसोममधील प्रथिनांवर हल्ला करतात. त्यामुळे पेशी सुट्या होऊन फोड येतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात काजू हे प्रमुख बागायती पीक आहे. ओले काजूगर काढताना टरफलातील दाहक तेल हातांना लागून कातडी सोलवटते. म्हणून हातांना राख किंवा खोबरेल तेल लावण्याची रीत आहे. या तेलातील अ‍ॅनाकार्डिक आम्ल व कार्डोल त्वचेचा थेट दाह करतात. काही व्यक्तींत अ‍ॅलर्जीही निर्माण होते. लँगरहान्स पेशी त्या द्रव्याची ओळख लसीका ग्रंथींतील टी-पेशींना करून देतात. पुढील संपर्कात कंटकी स्तरातील पेशींदरम्यान द्रव साचतो व पुटकुळ्या उठतात. काजूच्याच कुळातील बिब्ब्यामुळेही असा त्वचादाह होतो. इजा बाह्यत्वचेपुरतीच मर्यादित राहिल्यास तलस्तरातील व केसांच्या मुळांशी असलेल्या पेशींपासून त्वचा सहसा व्रण न राहता भरून येते.