शाळेचा पैसा कुठून येतो? सीमाभागातील नव्या शिक्षकांसाठी थोडा इतिहास

ठाणाकुशनूरच्या परिसरात मराठी शाळेचा विषय निघाला की बोलणे तत्काळ अस्मितेवर येते. हिशेबावर क्वचितच येते. वकिलीच्या व्यवसायात मला मात्र एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. मराठी शाळा सहसा एका आदेशाने बंद होत नाही. आधी पट घटतो, मग शिक्षकाचे पद जाते, अनुदान आक्रसते आणि अखेरीस दाराला कुलूप लागते. म्हणून या भागात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाने शाळेच्या खर्चाचा इतिहास समजून घेणे अगत्याचे आहे.

निजामी राजवटीत रयत प्रामुख्याने तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. राजभाषा मात्र उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सारा रयतेने भरावा आणि उच्च शिक्षण तिच्या भाषेत मिळू नये, असा हा व्यवहार होता. त्याला उत्तर म्हणून लोकांनी स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. हैदराबादेत विवेकवर्धिनी आणि कलबुर्गीत नूतन विद्यालय, या दोन्ही संस्था 1907 च्या. तिजोरीवर ज्यांचा अधिकार नव्हता, त्यांनी वर्गणी व देणग्या यांवर भाषा जगवली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद व औराद म्हैसूर राज्यात आले. औरादकडील मराठी मुलांची भाषा तीच राहिली, त्यांच्या शाळांचा खर्च करणारे सरकार तेवढे बदलले. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350-अ दिला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सुविधा देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे तो सांगतो. परंतु ‘पुरेशा’ म्हणजे किती रुपये, हे तो सांगत नाही. खासगी संस्थांच्या बाबतीत अनुच्छेद 30(2) अनुदानात भेदभाव करण्यास मनाई करतो. 1958 साली केरळ शिक्षण विधेयकावरील अभिप्रायात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अनुदानाच्या बदल्यात अल्पसंख्याकांना आपले घटनादत्त हक्क सोडायला लावता येणार नाही.

घटनेने न दिलेला आकडा आज नियमांत सापडतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टाव्या मुलाला तिसरा. समग्र शिक्षा योजनेत केंद्र व राज्य यांचा वाटा 60:40 आहे. तिच्या सुधारित आराखड्यानुसार तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वार्षिक संयुक्त अनुदान 10,000 रुपये. एकतिसावे मूल आले की 25,000. म्हणजे एका मुलाच्या नोंदीने पंधरा हजारांचा फरक पडतो. खडू, दुरुस्ती, विजेचे बिल, सारे त्यातच. शिवाय 2012 च्या अनुच्छेद 371-जे मुळे आपल्या विभागासाठी स्वतंत्र विकास मंडळ आले. वर्गखोल्यांसाठी तेथेही मागणी करता येते.

काही वर्षांपूर्वी एक तरुण शिक्षक माझ्याकडे आले होते. शाळेत मुले येत होती, परंतु ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची काही नावे पटावरून वगळली गेली होती. पद कमी झाल्यावर त्यांनी कायद्याची वाट विचारली. मी कागद पाहिले. चूक खरी होती, पण हरकतीची मुदत उलटून गेली होती. ते अध्यापनात कुशल होते. पट आणि पद यांचा संबंध मात्र त्यांना कोणी सांगितलाच नव्हता.

म्हणून नव्या शिक्षकांना माझी विनंती आहे. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात तीन कागद वाचा: पटनोंदणी, मागील वर्षाचा अनुदानाचा हिशेब आणि शाळा विकास आराखडा. शाळा समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे कायद्यानेच तिचे काम आहे. हे कागद त्या पालकांना मराठीत समजावून सांगा. 1907 साली आपल्या पूर्वजांना सरकारी पैशाचा हिशेब मागण्याचा अधिकार नव्हता. आपल्याला तो आहे. मुदत संपण्यापूर्वी तो वापरला पाहिजे.