पहिलं ठिगळ: नेवाशाच्या पोथीपासून खुल्या सॉफ्टवेअरपर्यंत

आजचा विषय कॉम्प्युटरचा आहे, पण सुरुवात आपण आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशापासून करू. प्रवरेच्या काठी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे काय झालं? नकला झाल्या, आणि नकलांच्याही नकला झाल्या. कुणाला शब्द लागला नाही, त्याने बदलला. कुणी आपली ओवी घातली. जवळपास तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४), पैठणच्या एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली भर घालू नये.

एकनाथांचं हे काम दुरुस्तीचं होतं, ते फार मोठं होतं. पण इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला एक रुखरुख लागते. कोणत्या ओवीत कोणता शब्द होता, त्यांनी कोणता घेतला आणि का घेतला, याची यादी आपल्या हाती नाही. दुरुस्ती उरली, दुरुस्तीची नोंद नाही.

आता थेट विसाव्या शतकात येऊ. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. विचार साधा होता: प्रोग्राम वापरा, उघडून अभ्यासा, बदला, वाटा. पण दूरदूरच्या माणसांनी एकाच मजकुरात बदल करायचे तर नकलांचा तोच जुना घोळ होणार. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. पॅच म्हणजे ठिगळ. सगळी पोथी पाठवायची गरज नाही, फक्त बदललेल्या ओळी पाठवायच्या. समोरचा त्या वाचतो, पटल्या तर जोडतो. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्स लोकांसमोर ठेवलं, तेव्हा ते अशाच ठिगळांनी वाढलं. २००५ मध्ये त्यांनीच ‘गिट’ लिहिलं. त्यात कुणी, कधी, कोणती ओळ बदलली हे राहतं, आणि का बदलली तेही लिहायची रीत आहे. पोथीच्या काळात जे निसटलं, ते इथं टिकतं.

मग यात आपलं काय? एक उदाहरण घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ नमस्कार करतात, ‘आचाऱ्यांना’ पंगतीचं सांगतात. रफार आणि आडवा अर्धा र यांतला हा फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र सांगावा लागला. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडखूण देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. म्हणजे एका यादीत ‘शेतकऱ्यांना’ एका पद्धतीने टाइप झालं आणि तुम्ही शोधलं दुसऱ्या पद्धतीने, तर समोर असलेला शब्दही ‘सापडला नाही’ असं उत्तर येऊ शकतं. तसंच ‘ॲ’चं. ‘ॲप’ मधल्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोपर्यंत अ वर चंद्र देऊन भागवत होतो, आणि तसा जुना मजकूर आजही पडून आहे.

ही अक्षरं पडद्यावर जुळवायचं काम ‘हार्फबझ’ नावाची एक खुली लायब्ररी करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस या सगळ्यांत ती आहे. तिथं एक दुरुस्ती झाली की ती यथावकाश मार्केट यार्डातल्या हमालाच्या मोबाइलपर्यंत पोचते. पण परदेशात बसलेल्या प्रोग्रामरला आचारी आणि आचार्य कसा कळावा? त्याला सांगणारा मराठीच हवा. आपण गप्प बसलो तर चूक तशीच राहील, आणि पुढच्या पिढीला तीच बरोबर वाटायला लागेल.

म्हणून पहिलं योगदान म्हणजे नवा प्रोग्राम लिहिणं, ही समजूत आधी काढून टाका. रोज वापरता तो खुला प्रोग्राम घ्या. चुकलेला एक शब्द पकडा. तो आधी कुणी कळवलाय का ते बघा. मग लिहा: कोणती आवृत्ती, काय टाइप केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. सोबत चित्र जोडा. जमलं तर तो शब्द त्यांच्या चाचण्यांच्या यादीत घालायला द्या, म्हणजे तीच चूक परत आली तर यंत्रच ओरडेल. दुरुस्ती स्वतः करणार असाल तर एका ठिगळात एकच बदल, आणि कारण स्पष्ट लिहिलेलं. उत्तर उशिरा येईल, कारण तिकडेही बरेच जण फावल्या वेळात काम करतात. कधी ‘हे असं नको, तसं करा’ म्हणतील. तो अपमान नव्हे. ताडून बघितल्याशिवाय ओवी घालू द्यायची नाही, हा नियम आपल्याला नवा नाही.

नेवाशाच्या पोथीच्या अनेक नकलकारांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. तुमचं ठिगळ एका अक्षराचं असलं तरी त्याच्याशेजारी तुमचं नाव आणि कारण राहील. इथं थांबू आणि प्रश्नांकडे वळू.