धर्माची गाय

“धर्माची गाय अन् दात का गं नाय?” ही म्हण आपण घेणाऱ्याला हिणवताना वापरतो. पण इतिहास पाहिला तर हाच प्रश्न कधी कधी देणाऱ्यालाही विचारावा लागतो.

२६ डिसेंबर २००४ रोजी इंडोनेशियातील सुमात्रा बेटाजवळ समुद्राखाली भूकंप झाला. त्सुनामीच्या लाटांनी इंडोनेशिया, श्रीलंका, थायलंड, आपला तामिळनाडू व इतरत्र मिळून दोन लाखांहून अधिक बळी घेतले. जगभरातून मदत निघाली. त्यात जुन्या कपड्यांची गाठोडी तर विचारूच नका! बारा महिने उकाड्याच्या श्रीलंकेच्या किनाऱ्यावरील लोकांसाठी थंडीचे कोट पोचले. लाटांना हुडहुडी भरली होती की काय, असे म्हणून हसू येते. परंतु इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर कपड्यांचे ढीग सडले व अखेर जाळावे लागले. आधी माणसे पुरली, मग दान जाळले!

हे दुःख आपल्याला परके नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. त्याची झळ सोसलेल्या भागातच आपल्या गावाच्या नावाचे दुसरे लोहारा आहे, धाराशिव जिल्ह्यातले. त्या वेळी परदेशांनीही हात दिला होता.

म्हणून भगिनींनो, संकटात सापडलेला स्वतःच्या दुःखावर हसला तर तो त्याचा धीर. आपले दान पाहून त्याला हसावे लागले तर ती आपली लाज. जमेल तेवढे रोख पैसे द्यावेत. त्यातून तिथेच हवे ते घेता येते, तिथल्या दुकानदाराचीही चूल पेटते. आणि वस्त्रच द्यायचे तर आपण स्वतः नेसू असे द्यावे.